पिकअपच्या एक्सलचा बूट फाटला तर आतला सांधा कसा वाचवायचा

पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर नाही तर सस्पेन्शनच्या आर्मवर, काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले की समजायचं, एक्सलचा, म्हणजे चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा, रबरी बूट फाटला. त्या दिवशीचं दुसरं काम थांबलं तरी चालेल, पण गाडीखाली वाकून बघायचं. बूट म्हणजे घड्या घातलेलं रबराचं टोपण, फार महाग वस्तू नाही. त्याच्या पोटात जो पोलादी सांधा आहे तो महाग, आणि त्यात माती किती दिवस शिरत राहिली यावर तो राहणार की जाणार हे ठरतं. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या सांध्यासाठी आहे. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला मूळ सांधा शक्य तोवर टिकवायचा, बूट मात्र बिनदिक्कत बदलायचा.

मी इंदूरची. घर लोकमान्य नगरात, धंदा ठिबक सिंचनाचा. पाइपांची भेंडोळी, वाळूचे फिल्टर, खताच्या टाक्या लादून माझी डबल कॅबची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप कधी माळव्यात देपालपूरकडे जाते, कधी महूच्या पुढचा जाम दरवाज्याचा घाट उतरून निमाडात मंडलेश्वर, कसरावदकडे. दोन्हीकडची जमीन बुटांच्या मुळावर उठलेली. माळव्याची काळी माती पावसात बुटाच्या घड्यांत लपेटून बसते आणि ऊन लागलं की खापरीसारखी कडक होते. मग स्टिअरिंग वळवलं, घडी मिटली, की ती वाळलेली मातीच रबर खाते. निमाडात वेगळा प्रकार. कापूस निघाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, तुरीची तिरकी कापलेली धसकटं, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या. गाडी शेतात घातली की हे सगळं खालून खरवडत जातं, आणि खाली सगळ्यात मऊ वस्तू हा बूटच.

हे कोणत्या गाड्यांना लागू आहे तेही सांगते. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, टाटाची झेनॉन फोर-बाय-फोर, म्हणजे पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपना. मारुती जिप्सीच्या पुढे अखंड एक्सल आहे. तिचा सांधा नकलच्या, म्हणजे चाकाला धरून वळणाऱ्या भागाच्या, बंद गोल घरात फिरतो, बाहेर रबरी बूट नसतोच. तिथे नकलची सील गळते, तो विषय निराळा.

सांधा आत काय करतो हे कळलं की पुढच्या सूचना लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. चाक वर-खाली होतं, डावी-उजवीकडे वळतं, आणि तरी त्याला इंजिनाची ताकद एकसारखी मिळायला हवी. साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरवला तर एका फेरीत तो कधी जलद, कधी हळू होतो आणि स्टिअरिंगला झटके बसतात. हा प्रश्न फोर्ड कंपनीतले अभियंते अल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२० च्या दशकात सोडवला. एक आतली कडी, एक बाहेरची वाटी, दोघींत कोरलेल्या खाचा, त्यांत सहा गोळ्या, आणि गोळ्यांना नेहमी कोनाच्या बरोबर मध्यावर धरणारा पिंजरा. आपल्या पिकअपच्या चाकाकडच्या टोकाला आजही बहुधा हाच सांधा असतो. डिफरन्शिअलकडच्या, म्हणजे ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीकडच्या टोकाला सांध्याला आत-बाहेरही सरकावं लागतं, म्हणून तिथे बहुतेक वेळा तीन रोलरचा ट्रायपॉड असतो. आपल्याकडे हा शाफ्ट गल्लोगल्ली पोचला तो १९८३ च्या मारुती ८०० बरोबर. त्यामुळे पिकअपचं काम न केलेल्या मिस्त्रीलाही ‘व्हील साइडचा बूट’ आणि ‘गिअर साइडचा बूट’ म्हटलं की लगेच कळतं. पिकअपला गिअर साइडच्या जागी डिफ साइड म्हणायचं, एवढाच फरक.

गोळ्या आणि खाचा यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर असतो, बाकी काही नाही. त्यात वाळूचा कण गेला की तो तिथेच घोटला जातो आणि पोलादाचा कडक थर घासत राहतो. पाणी गेलं तर ग्रीस राखाडी, दुधाळ होतं आणि गाडी चार दिवस उभी राहिली की खाचांना गंज धरतो. बूट या दोन्हींना अडवतो आणि ग्रीस आत राखतो.

फाटतो तो बहुधा चाकाकडचा बूट. स्टिअरिंग पूर्ण वळलं की त्याची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी चुरगळते. रबर जुनं झालं की घडीच्या खोबणीत बारीक चिरा पडतात, वरून मात्र बूट ठणठणीत दिसतो. ज्यांनी गाडी उंच करून घेतली आहे त्यांनी जास्तच लक्ष द्यावं. सस्पेन्शन दोन इंच उचललं की शाफ्ट सरळ रस्त्यावरही जास्त कोनात फिरतो आणि बुटाच्या घड्या एकमेकींवर घासत राहतात. अशा गाडीला नवा बूटही लवकर जातो. गाडी उचलताना पुढचा डिफरन्शिअल थोडा खाली घेण्याची किटही मिळते; उंची हवीच असेल तर ती बसवून कोन कमी करावा, नाही तर उंचीचा मोह सोडावा.

तपासणीला पाच मिनिटं लागतात. मी ती तेल बदलताना करते, आणि पाऊस संपल्यावर खास एकदा. सपाट जागी गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा. चाकाच्या मागे मोकळी जागा होते, तिथे टॉर्च मारा. आधी पाणी मारून वाळलेली माती भिजवा आणि हाताने काढा. धुलाईचा जोरदार फवारा बुटावर जवळून मारू नका, बूट आवळून धरणाऱ्या पट्टीच्या कडेतून पाणी आत घुसतं. मग बोटांनी प्रत्येक घडी उघडून खोबणीत बघा. चाक थोडं पुढे-मागे करून बुटाचा पूर्ण घेर डोळ्यांखालून घाला, कारण चीर नेमकी वरच्या, न दिसणाऱ्या बाजूला असते. दोन्ही टोकांच्या पट्ट्या हलवून बघा. पट्टी सैल झाली तर बूट न फाटताही ग्रीस बाहेर येतं, आणि वेळीच दिसलं तर तिथे नुसती पट्टी बदलून भागतं.

ओला डाग दिसला की तो कशाचा आहे ते बोटावर घेऊन बघा. सांध्याचं ग्रीस जाड, काळं, बोटाला चिकटणारं. डिफरन्शिअलचं तेल पातळ आणि उग्र गंधकाच्या वासाचं. ते शाफ्टच्या आतल्या टोकाशी दिसलं तर सील गेली आहे. शॉकअप्सरचं तेल पातळ, शॉकच्याच अंगावर धुळीला धरून बसलेलं. ब्रेक फ्लुइड सगळ्यांत पातळ. ते दिसलं तर बुटाचं राहू द्या आणि आधी ब्रेक बघा, तोवर गाडी हलवायची नाही.

आवाजाची वाट मात्र बघू नका. पूर्ण वळणावर हळू जाताना कट-कट-कट ऐकू आलं तर बाहेरच्या सांध्याच्या खाचा झिजल्या आहेत, नुसता बूट घालून तो आवाज जाणार नाही. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि सोडला की थांबते, तर आतल्या ट्रायपॉडकडे संशय जातो. आमचे उस्ताद, ज्यांच्याकडे मी हे काम शिकले, एवढंच म्हणतात: “दीदी, आवाज आ गया मतलब बूट की बात खतम।” ते खरं आहे.

रस्त्यात फाटला तर

घाटाखाली, इंदूर दूर असताना बूट फाटलेला दिसला, तर घाबरून टो-ट्रक बोलवायची गरज नाही. ताजा फाटलेला बूट घेऊन गाडी घरी येते. काही गोष्टी पाळायच्या. पाण्यातून जायचं नाही, नाल्याला फरशीपूल असला आणि त्यावरून पाणी वाहत असलं तरी नाही. वेग कमी ठेवायचा, कारण शाफ्ट जितका जोरात फिरेल तितकं ग्रीस बाहेर फेकलं जातं. स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर लावायचा नाही.

बुटाला वरून काही बांधायचं असेल तर आधी बाहेरचं ग्रीस चिंधीने कोरडं पुसा. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून गुंडाळायची आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या झिप टायने घट्ट करायची. हा उपाय धुळीपासून बऱ्यापैकी वाचवतो. साधी चिकटपट्टी ग्रीस लागलेल्या रबरावर धरत नाही. पॉलिथिन गुंडाळू नका, ते सुटून शाफ्टभोवती किंवा ब्रेकमध्ये अडकतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर. गाडी टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) घातली म्हणजे पुढचे शाफ्ट थांबले, असं पुष्कळ जण धरून चालतात. ज्या गाडीच्या पुढच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, हाताने फिरवायचं लॉक आहे, तिथे हब फ्री केला आणि गाडी टू-एचमध्ये ठेवली तर शाफ्ट खरोखर थांबतो. तसं असेल तर लगेच तेच करा, निम्मी काळजी मिटली. पण अलीकडच्या बहुतेक पिकअपना हबवर लॉक नसतं. चाक आणि शाफ्ट कायमचे जोडलेले असतात, आणि टू-एचमध्ये चाकच शाफ्टला फिरवतं. इंजिनाचा जोर सांध्यावर येत नाही, तेवढा फायदा आहे, म्हणून टू-एच वापराच. पण सांधा फिरतो, बूट फिरतो, ग्रीस उडतं आणि धूळ आत जाते. ‘मी फोर-व्हील लावतच नाही, मग बुटाचं काय’ असं म्हणून महिने काढणाऱ्यांचे सांधे असेच जातात.

शाफ्टच काढून ठेवू आणि दोन चाकांवर गाडी चालवू, असाही सल्ला कुणी देईल. तो ऐकण्याआधी आपल्या गाडीचं हब बेअरिंग कसं आहे ते माहीत करून घ्या. पुष्कळ गाड्यांत एक्सलचा मधला मोठा नटच बेअरिंगला दाबून धरतो. तिथे शाफ्ट काढून गाडी चालवली तर बेअरिंग सुटतं, आणि चाकासकट सुटू शकतं.

सामान

बूट किट गाडीच्या मॉडेलची आणि वर्षाचीच घ्या, आणि दोन्ही टोकांची मिळून घ्या. का, ते पुढे येईलच. किटमध्ये बूट, दोन पट्ट्या, सर्क्लिप (खाचेत बसून शाफ्ट अडकवणारी स्प्रिंगची कडी) आणि ग्रीसची पुडी असते. बूट निओप्रीन रबराचा असतो, नाही तर कडक थर्मोप्लास्टिकचा. थर्मोप्लास्टिक काट्यांना जास्त टिकतो, पण त्याला पट्टीही जास्त ताणाची लागते. त्यावर रबराच्या बुटाची हलकी पट्टी चालत नाही.

ग्रीस म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं काळं मोली ग्रीस. चेसिसला मारायचं पिवळं किंवा हिरवं ग्रीस कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. गोळी आणि खाच यांच्यातला दाब प्रचंड असतो, आणि तिथे साधं ग्रीस बाजूला ढकललं जातं. मोलीचे बारीक पापुद्रे धातूला धरून राहतात. आतल्या ट्रायपॉडसाठी किटमध्ये वेगळ्या रंगाची पुडी आली असेल तर ती तिथेच वापरा, दोन्ही मिसळू नका.

जोडाचा बूट मिळतो, शाफ्ट न काढता वरून लपेटून गोंदाने किंवा स्क्रूने बंद करायचा. पक्क्या डांबरी रस्त्यावरच्या जुन्या गाडीला तो चालेलही. शेतात जाणाऱ्या पिकअपला मी तो बसवत नाही. जोड चिकटायला रबर ग्रीसमुक्त लागतं, आणि फाटलेल्या बुटाच्या आसपास ग्रीसमुक्त असं काही उरत नाही. शिवाय सांधा उघडून बघायचा राहूनच जातो, आणि सगळं काम तर त्या बघण्यासाठी आहे.

पूर्ण तयार शाफ्ट बदलून टाका, हाही सल्ला मिळतो. मिस्त्रीचं काम अर्ध्या वेळात होतं. स्वस्त तयार शाफ्टच्या पोलादावर माझा भरवसा नाही. धुऊन, तपासून, नवं ग्रीस भरलेला मूळ सांधा मी त्याच्यापेक्षा केव्हाही पसंत करीन.

पट्टी आवळायची खास पकड, मोठ्या नटाचा सॉकेट, लांब दांडा आणि सर्क्लिपची पकड हे सामान सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं. टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून मागून आणा, पण अंदाजाने एक्सल नट आवळू नका. नवा एक्सल नट किंवा नवी स्प्लिट पिन, आणि ब्रेक क्लीनरचा डबा आधीच आणून ठेवा.

शाफ्ट काढणं

कंपाउंडमध्ये फरशी असेल तिथेच हे काम करा, मातीवर जॅक खचतो. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. चाक जमिनीवर असतानाच एक्सल नट ढिला करायचा. नट किती कडक असतो याची कल्पना नसेल तर सांगते, दांड्याला दीड हात पाइप लावावा लागतो. तेव्हा भाच्याला ब्रेक दाबायला आत बसवते. काही गाड्यांत नटाऐवजी हबच्या टोपीखाली सर्क्लिप असते, ती चाक काढल्यावर सुटते.

मग गाडी उचला आणि चेसिसखाली घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही. चाक काढा. कॅलिपर सोडून तारेने वर टांगा. ब्रेकच्या होजवर त्याचं वजन येता कामा नये. एबीएसची वायर क्लिपांतून सोडवून बाजूला करा, ताण बसून ती आतल्या आत तुटते आणि मग डॅशबोर्डवरचा दिवा का लागला ते शोधत बसावं लागतं.

आता धोक्याची जागा. नकल बाहेर झुकवायला तिला वरच्या आर्मशी जोडणारा बॉल जॉइंट सोडावा लागतो, आणि खालचा आर्म स्प्रिंगच्या किंवा टॉर्शन बारच्या जोरात ताणलेला असतो. बॉल जॉइंटचा नट हलवण्याआधी खालच्या आर्मखाली दुसरा जॅक लावून तो किंचित उचलून धरा, आणि पूर्ण काम होईपर्यंत तो जॅक तिथेच राहू द्या. नट थोडा ढिला करून, पूर्ण न काढता, नकलच्या कानावर बाजूने हातोडीचा जोरदार फटका मारा, आत घट्ट बसलेला निमुळता दांडा (टेपर) सुटतो. बॉल जॉइंटच्या आट्यांवर मारू नका. काट्यासारखं दुफाट हत्यार घुसवून काढणारे असतात, त्यात बॉल जॉइंटचा स्वतःचा रबर फाटतो आणि एक बूट बदलताना दुसरा घालवला जातो.

नकल बाहेर झुकली की शाफ्टचं टोक हबमधून आत ढकलायचं. अडला तर जुना नट टोकाला समपातळीत लावून त्यावर प्लास्टिकच्या हातोडीने ठोका, म्हणजे आटे वाचतात. आतलं टोक काही गाड्यांत बोल्टच्या फ्लँजने लागतं. तिथे दोन्ही भागांवर रंगाची खूण करा आणि बोल्ट खोला. काहींत ते दात्यांवर बसून सर्क्लिपने अडकलेलं असतं. तिथे खाली तेलासाठी परात ठेवा आणि टॉमीने, म्हणजे पहारीसारख्या दांड्याने, सांध्याचं घर झटक्याने बाहेर काढा. शाफ्टला धरून ओढायचं नाही. ओढलं की आतला ट्रायपॉड घरातून निसटतो, बेअरिंगच्या सुया सांडतात, आणि सीलची कडही चिरते.

टेबलावर

इथे घाई नको. वाइसच्या जबड्यांत लाकडाच्या पट्ट्या घालून शाफ्ट आडवा धरा. जुन्या पट्ट्या कापा, जुना बूट चिरून काढा, पण ग्रीस लगेच पुसू नका. चिमूटभर ग्रीस अंगठा आणि बोटात चोळून बघा. मऊ आणि काळं असेल तर सांधा वाचला असं धरून चाला. किरकिर लागली तर माती पोचली आहे. दुधाळ असेल तर पाणी.

पुष्कळ पिकअपचा बाहेरचा सांधा शाफ्टवरून निघतच नाही, कारखान्यात कायमचा बसवलेला असतो. निघणारा असला तर आतली सर्क्लिप उघडून, नाही तर आतल्या कडीवर पितळी सळईने ठोकून बाहेर येतो. तो फटका कडीवर मारायचा, पिंजऱ्यावर कधीच नाही. निघत नसेल तर डिफ साइडचा ट्रायपॉड काढून बाहेरचा बूटही त्याच बाजूने सरकवावा लागतो. म्हणून मी दोन्ही बूट घ्यायला सांगितलं. आतला सांधा उघडलाच आहे तर त्यावर जुना बूट परत चढवण्यात अर्थ नाही. ट्रायपॉड काढण्याआधी शाफ्टवर, ट्रायपॉडवर आणि घरावर रंगाने एका रेषेत खुणा करा, रोलरना चिकटपट्टी गुंडाळा, आणि ट्रायपॉडची तिरकी घासलेली कड कोणत्या बाजूला होती ते मोबाइलवर टिपून ठेवा.

मग धुलाई. डिझेल किंवा रॉकेल, जुना टूथब्रश, आणि सांधा प्रत्येक दिशेला वाकवत वाकवत. पहिलं डिझेल काळं होतं, दुसरं राखाडी, तिसऱ्याच्या तळाशीही वाळू दिसली तर चौथ्यांदा धुवा. शेवटी ब्रेक क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या. आत राहिलेलं डिझेल नवं ग्रीस पातळ करतं.

वाळलेला सांधा खिडकीच्या उजेडात धरा. आतली कडी तिरकी केली की एकेक गोळी आणि तिची खाच समोर येते. चकचकीत पट्टा दिसणं बरोबर आहे, गोळी तिथूनच धावते. खाचेवर नख आडवं फिरवा. नख सरकलं तर ठीक. एखाद्या खळग्यात अडलं, किंवा पोलादाचा पापुद्रा सुटल्यासारखा खड्डा असला, तर तो सांधा संपला. नवं ग्रीस घालून त्याचं आयुष्य वाढत नाही. निळसर छटा दिसली तर तो ग्रीसशिवाय तापला आहे, तोही गेला. पिंजऱ्याच्या खिडक्या बघा, गोळी खिडकीत खुळखुळत असेल तर पिंजरा झिजला. वाटी वाइसमध्ये धरून शाफ्टला पुढे-मागे पिळ द्या. थोडी मोकळीक चालते, टक असा स्पष्ट आवाज चालत नाही. ट्रायपॉडच्या घरात रोलरचे उभे मार्ग असतात, त्यांत बोटाने चाचपल्यावर खळगा लागला तर तोच ॲक्सिलरेटर दाबताना थरथरत होता.

ग्रीसमध्ये किरकिर लागली, पण खाचांवर नख कुठेच अडलं नाही, अशा सांध्याबद्दल लोक विचारतात. मी तो धुऊन परत बसवते. त्यापुढे महिनाभर कान उघडे ठेवायचे.

भरताना पुडीतलं निम्म्याहून जास्त ग्रीस सांध्यात, गोळ्यांच्या मागे दाबून भरायचं, सांधा वाकवत राहायचं, म्हणजे ते खाचांत पोचतं. उरलेलं बुटात. पुडीत जेवढं आलं तेवढंच, जास्त नाही. बूट ग्रीसने फुगला तर वळणावर पट्टीतून बाहेर येतं. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळून मगच नवा बूट सरकवा, दात्यांची धार रबराला ओरखडते. आधी लहान पट्टी, मग बूट. हा क्रम चुकला तर सगळं परत काढावं लागतं. सर्क्लिप नवीच घाला आणि ती खाचेत बसली का ते शाफ्ट ओढून बघा.

बुटाच्या ओठाची जागा शाफ्टवर कोरलेली असते. तिथे गंज असेल तर पॉलिश पेपरने साफ करा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. ओठाखाली ग्रीस राहिलं तर पट्टी कितीही आवळा, बूट फिरतो. पट्टी आवळण्याआधी आतला सांधा त्याच्या सरकण्याच्या मध्यावर आणा, आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हरने लहान ओठ जरासा उचलून कोंडलेली हवा सोडा. बुटाच्या घड्या पिळलेल्या किंवा आत ओढलेल्या नकोत. मग पट्ट्या कानवाल्या पकडीने दाबा. नळीच्या स्क्रूवाल्या क्लिपा इथे नकोत, त्यांचा एकच बोजड भाग शाफ्टबरोबर फिरतो आणि घट्टपणाही सगळीकडे सारखा येत नाही.

परत जोडणी उलट्या क्रमाने. दात्यांवर सीलच्या जागी थोडं तेल लावा, शाफ्ट सरळ आत घाला, सर्क्लिपचा टिक ऐका. बॉल जॉइंट, कॅलिपर, एबीएसची वायर. एक्सल नट चाक जमिनीवर टेकल्यावर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर. नंतर स्प्लिट पिन, किंवा कडा ठोकून लॉक करायचा नट असेल तर ती कड. डिफरन्शिअलमधून सांडलेलं तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडनेच भरून काढा, बहुधा ते जीएल-५ असतं. डिस्कवर आणि पॅडवर उडालेलं ग्रीस ब्रेक क्लीनरने साफ करा. पॅड ग्रीसने भिजलेले असतील तर बदलाच, पुसून ते परत धरत नाहीत.

पहिल्या फेरीत मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू चालवा आणि आवाज ऐका. शंभरेक किलोमीटरनंतर परत टॉर्च घेऊन बघा, पट्टीजवळ ताजं ग्रीस आलं का. आणि दुसऱ्या बाजूचा बूट त्याच वयाचा आहे हे ध्यानात घेऊन त्याच्या खोबणीतल्या चिरा त्याच दिवशी मोजा. तिथे चीर दिसली तर तो न फाटताच बदलणं सगळ्यांत स्वस्त, कारण त्या सांध्यात अजून काहीच गेलेलं नसतं.

हे काम स्वतः करायचं नसेल तर देवास नाक्याकडे किंवा जवळच्या ज्या गॅरेजवर विश्वास असेल तिथे द्या, पण ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट बोला. सांधा खोलून धुणार, नुसता बूट चढवणार नाही. धुतलेला सांधा ग्रीस भरण्याआधी मला दाखवणार. किटमधलंच ग्रीस वापरणार, डब्यातलं नाही. सांधा दाखवायची वेळ आली की स्वतः जा आणि नख फिरवून बघा. जुने बूट मागून घ्या. ते कुठे फाटले यावरून कारण कळतं. खोबणीत गोल चीर असेल तर रबराचं वय झालं, बाहेरच्या घडीवर एकच भोक असेल तर धसकट किंवा काटा, आणि घड्यांच्या कडा घासून पातळ झाल्या असतील तर शाफ्टचा कोन जास्त आहे, तिथे नवा बूटही त्याच वाटेने जाईल, आधी सस्पेन्शनची उंची तपासून घ्या.